आवारातील ऊर्जेचा जमाखर्च

कृषी विद्यापीठ म्हणजे केवळ वर्ग, प्रयोगशाळा व वसतिगृहे नव्हेत. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाची कर्जतला भाताची, पनवेलला खारभूमीची व श्रीवर्धनला सुपारीची संशोधन केंद्रे आहेत. भातखाचर, गोठा व पाण्याचा पंप हीही अशा आवाराचीच अंगे होत. म्हणून अशा आवारातील ऊर्जेचा हिशेब शेतकऱ्याच्या घरच्या हिशेबाहून फारसा निराळा नसतो. तो कसा मांडावा, हे ग्रामसेवकांनी समजून घ्यावे. गावची शाळा, ग्रामपंचायत कचेरी व दूध सोसायटी यांसही तो लागू पडतो.

हा प्रश्न आपला का?

कोळसा व डिझेल जळाल्याने कार्बन डायऑक्साइड वायू हवेत साठतो, पृथ्वीचे तापमान वाढते व समुद्राची पातळी चढते. उरण, पेण व अलिबाग तालुक्यांतील खारजमीन बांधांच्या आधारावर पिकते. बांध फुटून खारे पाणी शिरल्यास हातचे पीक जाते आणि पुढील हंगामही धोक्यात येतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने नारळ-सुपारीच्या बागांची केलेली दैना सर्वांस ठाऊक आहे. एखाद्या वादळाचा दोष एकाच कारणावर ठेवता येत नाही. परंतु तापलेला समुद्र वादळास अधिक बळ देतो, हे ध्यानात ठेवावे.

प्रथम हिशेब

विजेची मागील बारा महिन्यांची बिले, डिझेलच्या पावत्या व गॅस सिलिंडरांची संख्या एका वहीत उतरवावी. विजेच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो व डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असे धरावे.

उदाहरणार्थ, एका वसतिगृहात ७५ वॅटचे ४० पंखे रोज १२ तास चालतात. खर्च ३६ युनिटे होतो. त्याऐवजी ३० वॅटचे नवे पंखे बसविल्यास तोच खर्च १४.४ युनिटांवर येतो. वर्षातील ३०० दिवस धरल्यास ६,४८० युनिटे वाचतात व सुमारे साडेचार टन वायू हवेत जाण्याचे टळते.

नंतर बचत

१. पंपाची गळती थांबवावी. फूटव्हॉल्व्ह गळका असल्यास किंवा नळ अरुंद असल्यास पाणी तेवढेच येते, वीज मात्र अधिक लागते.

२. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे. त्याहून खाली नेण्याने खोलीपेक्षा बिलच अधिक तापते.

३. गोठ्यातील शेण बायोगॅस संयंत्रात घालावे. उघड्या खड्ड्यात ओले शेण कुजताना मिथेन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. संयंत्रात तोच वायू चुलीस मिळतो व उरलेली मळी शेतास खत होते.

४. भातास युरिया विस्कटून देण्याऐवजी युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचाव्यात. नत्र वाया जात नाही व हवेतही कमी जातो.

५. खाचरात सतत पाणी तुंबल्यानेही मिथेन निर्माण होतो. गोड्या जमिनीत, पाऊस उघडल्यावर व पाण्याची सोय असल्यास, फुटव्याच्या काळात पाणी काही दिवस काढावे. फुलोऱ्यात मात्र काढू नये. खारजमिनीत हा उपाय करू नये. जमीन सुकताच खालचे क्षार वर येतात व रोप करपते.

शेवटी सौर वीज

बचत झाल्यावरच सौर पट्ट्या घ्याव्यात. गरज कमी झाल्याने लहान संच पुरतो. एक किलोवॅटचा संच उघडीप असताना दिवसाला सुमारे चार युनिटे देतो, पावसाळ्यात कमी. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते. म्हणून सांगाडा जस्त चढविलेला व वादळाचा वारा सोसेल असा पक्का बांधून घ्यावा.

हा क्रम उलटा करू नये. गळक्या पंपास सौर वीज जोडणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. शिवारफेरीस आलेला शेतकरी जसे पीक पाहतो, तसेच भरदुपारी जळणारे दिवेही पाहतो. म्हणून ग्रामसेवकांनी आपल्या कचेरीची वही प्रथम भरावी, एक वर्षाने दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी लिहून फळ्यावर लावावेत आणि मगच गावास उपदेश करावा.