सातपुड्यातील गावे आणि माहिती केंद्र

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. अक्राणीच्या पाड्यांवर पावरी बोलली जाते, नवापूरकडे मावची. शासनाचा कागद मात्र प्रमाण मराठीत येतो. कागद आणि पाडा यांच्यातील हे अंतर कोणी भरून काढावयाचे, हाच ग्रामीण माहिती केंद्रांपुढील मूळ प्रश्न होय.

या अंतराची किंमत किती असते, हे वनहक्क कायद्याच्या उदाहरणावरून ध्यानी येईल. २००६ च्या या अधिनियमानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबास, प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्रापुरता व कमाल ४ हेक्टरपर्यंत, हक्क मिळू शकतो. पुरावा म्हणून सरकारी कागदच हवा असे नाही. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, शेताचे जुने बांध, विहीर, घर यांचाही पुरावा नियमांस मान्य आहे. मात्र एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसल्यास तो कळविल्यापासून ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. परंतु जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात व होळीला परततात. दरम्यान निर्णयाचा कागद घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती पडला आणि तो वाचून सांगणारे कोणी नसले, तर पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन मुदतीअभावी हातची जाण्याचा धोका उद्भवतो.

सोयी झाल्याच नाहीत असे म्हणता येणार नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली, तालुका शहादा, येथे देण्यात आले. पुढे ग्रामपंचायतींत 'संग्राम' केंद्रे आली व त्यांची जागा 'आपले सरकार' सेवा केंद्रांनी घेतली. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांस दिला. तथापि या केंद्रांचे कामकाज मुख्यतः दाखले व अर्ज यांभोवतीच फिरते. ज्यास कोणता दाखला हवा हे ठाऊक आहे, त्याचे काम होते. ज्यास आपला हक्कच ठाऊक नाही, तो केंद्राच्या दारापर्यंत येतच नाही.

या संदर्भात एका जुन्या प्रयोगाची आठवण उपयुक्त ठरावी. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची चर्चामंडळे स्थापन केली. गावकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. त्यांची उत्तरे नभोवाणीवरून दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या मूल्यमापनात असे आढळले की, मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. नुसताच रेडिओ असलेल्या गावांत ती फारशी दिसली नाही. यंत्र दोन्हीकडे होते, फरक बैठकीचा होता. पुढे घानातही अशी मंडळे चालविण्यात आली. युगांडातील नाकासेके येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभारलेल्या केंद्रात दूरध्वनी व संगणक यांना ग्रंथालयाची जोड देण्यात आली आणि लुगांडा या स्थानिक भाषेतील साहित्यावर भर राहिला.

नंदुरबारमध्ये याकरिता नवी इमारत लागत नाही. पाड्यावरील शिक्षक, आशा कार्यकर्ती किंवा बोली जाणणारा एखादा शिकलेला तरुण यांपैकी कोणीही केंद्रचालकाबरोबर आठवडे बाजाराच्या दिवशी बसू शकेल. कारण त्या दिवशी डोंगरातील माणूस आपण होऊन खाली उतरतो. ग्रामपंचायतीने एक साधी वही ठेवावी. विचारणाऱ्याचा प्रश्न, पाडा, कागदावरील तारीख आणि मुदत संपण्याचा दिवस तीत नोंदवावा. ज्या प्रश्नांची उत्तरे गावात मिळत नाहीत ते तालुक्यास पाठवावेत आणि आलेले उत्तर पुढील ग्रामसभेत बोलीभाषेतून सांगावे. स्थलांतरित कुटुंबांची नावे दिवाळीपूर्वीच या वहीत असली, तर त्यांच्या नावे आलेला कागद होळीपर्यंत आढ्याला खोचून राहणार नाही. मुकादमामार्फत वा दूरध्वनीवरून निरोप वेळेत पोहोचविता येईल.