विजेच्या चढउतारापासून उपकरणांचे रक्षण

वळवाचे ढग जमू लागले की वीज जाणे-येणे नित्याचे होते. अशा वेळी घरातील टीव्ही, फ्रिज व विहिरीवरील मोटार यांची हानी होते. तिची कारणे समजून घेतल्यास पुष्कळसा खर्च टाळता येतो.

घरातील पुरवठा २३० व्होल्टचा असतो. तो मुख्यतः तीन कारणांनी बिघडतो. तारांवर अथवा जवळपास वीज कोसळल्यास क्षणभर प्रचंड दाब उसळतो. खांबावरील न्यूट्रल तार तुटल्यास काही घरांतील दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो, तर काही घरांतील दिवे मंद होतात. तसेच गेलेली वीज परत येताना दाब काही काळ अस्थिर असतो.

यावर पुढील उपाय योजावेत :

१. ढग भरून येताच प्लग व डिशची केबल काढून ठेवावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. कोसळणारी वीज ते लहानसे अंतर सहज ओलांडते. गडगडाट जवळ आल्यावर मात्र प्लगला हात लावू नये.

२. वीज गेल्यावर एक दिवा सोडून सर्व बटणे बंद करावीत. वीज आल्यावर दिवा स्थिर आहे असे पाहून पाच मिनिटांनी एकेक उपकरण सुरू करावे.

३. स्टॅबिलायझर सावकाश होणारे चढउतार सावरतो. अचानक उसळलेला दाब जमिनीत वळविण्यासाठी मुख्य फलकावर सर्ज प्रोटेक्टर बसवावा लागतो. अर्थिंग सदोष असल्यास त्याचा उपयोग होत नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालीत जावे.

४. फ्यूजमध्ये जाड तार घालू नये. अशी तार वितळत नाही आणि घराला आग लागण्याचा संभव असतो.

५. तीनपैकी एक फेज गेल्यास चालू मोटार तापून जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा. ऑटो स्विच असल्यास वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. म्हणून दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत.

न्यूट्रलऐवजी अर्थिंगच्या तारेवर दिवा अथवा मोटार कदापि चालवू नये. त्यामुळे उपकरणांच्या धातूच्या भागांत वीज उतरते व माणसे आणि जनावरे दगावतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी परवानाधारक तारतंत्र्याकडून वाडीवस्तीवरील अर्थिंग तपासून घेण्यास शेतकरी बंधूंना प्रवृत्त करावे. जळालेली मोटार पुन्हा भरता येते. गेलेला जीव परत येत नाही.