आधी चार्जर बघा

"रास्पबेरी पाय घेतलाय, त्यावर जुना सख्र चालवतोय, पण आवाज मधेमधे तुटतो," असा फोन मला दुबई-शारजातल्या ओळखीच्यांकडून अधूनमधून येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगला हात लावू नकोस. चार्जर कोणता लावलायस ते सांग.

सख्र म्हणजे मोहम्मद अल-शारेख यांनी 1982मध्ये कुवेतमध्ये सुरू केलेल्या अल-आलमिया कंपनीचे घरगुती कॉम्प्युटर. अरबी अक्षरांचा कीबोर्ड असलेली ही यंत्रं ऐंशीच्या दशकात आखातात खूप गाजली. इथे वाढलेल्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांसमोर नुसतं नाव काढा, डोळे चमकतात. आत एमएसएक्स प्रमाणाची रचना, 3.58 मेगाहर्ट्झचा झेड-80 प्रोसेसर. याउलट रास्पबेरी पाय 4 या एकाच छोट्या बोर्डाच्या कॉम्प्युटरमध्ये दीड गिगाहर्ट्झचे चार कोअर. त्यामुळे खेळ अडखळला तर बोर्डाची ताकद कमी पडतेय, ही शंका जवळपास बादच. दुखणं बहुतेक वेळा एम्युलेटरच्या खालच्या थरात असतं: वीज, उष्णता आणि मेमरी कार्ड.

वीज आधी. पाय 4ला 5 व्होल्ट, 3 अँपियरचा पुरवठा लागतो. मोबाईलचा चार्जर आणि लांब, बारीक केबल असली की बोर्डापर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, ते 4.63 व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड स्वतःचा वेग उतरवतो. आमच्याकडे पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची आणि नेमका तेव्हाच आवाज फाटायचा. रास्पबेरी पायचा अधिकृत चार्जर लावला आणि दोन्ही थांबलं. घेताना मात्र प्लग तपासा. इथे अमिरातीत तीन चपट्या पिनांचा लागतो. भारतातून आणलेला गोल पिनांचा अॅडॉप्टरशिवाय बसणार नाही.

दुसरी गोष्ट इथल्या उन्हाळ्याची. पाय 4 साठी भोवतालची हवा 50 अंशांपर्यंत चालते असं उत्पादक सांगतात आणि चिप 80 अंशांवर गेली की वेग कमी व्हायला लागतो. एसी चालू असलेल्या हॉलमध्ये हे आकडे लांबचे वाटतात. पण टीव्हीच्या मागच्या बंद कप्प्यात, पश्चिमेच्या उन्हाने तापलेल्या भिंतीला टेकून ठेवलेला बोर्ड वेगळ्याच हवेत राहतो. छोटा पंखा बसवावा तर बारीक वाळू त्याला लवकरच जाम करते. अॅल्युमिनियमची, पंखा नसलेली केस इथे जास्त टिकते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये बोर्ड गाडीत ठेवून मॉलमध्ये जाऊ नका.

तिसरं कार्ड, आणि खरा चटका इथेच बसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना आपण सगळेच घराचा मेन स्विच पाडून निघतो. आमच्याकडे तेव्हा पाय चालू होता. परत आलो तर बोर्ड शाबूत, पण कार्ड वाचेना. खेळ पुन्हा मिळाले. मुलाने सुट्टीआधी बेसिकमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्रॅम मात्र गेले. त्या प्रोग्रॅमांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: मेन्यूतून शटडाऊन, हिरवा दिवा विझल्यावरच प्लग काढायचा, आणि कार्डाची पूर्ण प्रत लॅपटॉपवर. कार्ड नावाजलेल्या दुकानातून घ्या. स्वस्तात मोठी क्षमता लिहिलेलं कार्ड अनेकदा नकली निघतं.

आता खेळ कुठून आणायचे? "हजारो गेम भरलेलं कार्ड" विकणारे भेटतील. ते घेऊ नका. अमिरातीत 2021चा संघीय कायदा क्रमांक 38 कॉपीराइटचं रक्षण करतो, आणि कंपनी बंद पडली म्हणून तिचा हक्क आपोआप संपत नाही. ओपनएमएसएक्स या एम्युलेटरसोबत सी-बायॉस हा मूळ यंत्राच्या रॉमला (आतल्या कायमच्या प्रोग्रॅमला) मुक्त पर्याय येतो. त्यावर बरेच कार्ट्रिजचे खेळ चालतात. पण त्यात बेसिक नाही आणि सख्रचा अरबी चेहराही नाही. त्यासाठी मूळ यंत्राचा रॉम लागतो. जुना सख्र स्वतःच्या घरी असलेला मित्र गाठा आणि पुढचं त्याच्याशी बसून ठरवा. हल्लीचे हौशी लोक एमएसएक्ससाठी नवे खेळही लिहितात, त्यातले काही फुकट आणि रीतसर मिळतात. मुलांची सुरुवात त्यांनी करा.

एवढं करूनही बटण दाबल्यावर खेळ उशिरा हलत असेल, तर टीव्हीचा गेम मोड लावा. एम्युलेटरच्या सेटिंगची पाळी त्यानंतर.

नव्याने घेणाऱ्याला शेवटचा सल्ला पैशांचा. सख्रसाठी आठ गिगाबाइटचा बोर्ड घेऊ नका; एक-दोन गिगाबाइट पुरेसे आहेत. वाचलेल्या दिरहमांत चांगला चार्जर, धातूची केस आणि दुसरं कार्ड आणा. ते दुसरं कार्ड पहिलं बिघडण्याआधीच भरून ठेवा.