वाट दाखवणारी घंटा

प्रस्तावना

मैलाचे दगड बर्फाखाली गेले आणि दाट धुक्यात स्वतःचा हातही दिसेनासा झाला, तर वाटसरूने दिशा कशी ओळखावी? दक्षिण फ्रान्समधील डोंगरी वाड्यांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्याचा परिचय या पाठात करून घेऊ या.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हांला –
• मों लोझेर पर्वतावरील वाड्यांचे वर्णन करता येईल;
• वादळघंटेची गरज व उपयोग सांगता येईल;
• अनोळखी माणसाविषयीच्या कर्तव्यावर विचार मांडता येईल.

मूळ पाठ

लोझेर हा फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा. याच जिल्ह्यात ग्रॅनाइट खडकाचा मों लोझेर हा पर्वत पसरला आहे. त्याचे सर्वोच्च शिखर १,६९९ मीटर उंच आहे. पर्वताच्या उतारांवर उल्ते, सेर्विएस, ओरियाक, ले सान्य अशा चिमुकल्या वाड्या आहेत. डोंगरातल्याच दगडाने बांधलेली जाड भिंतींची घरे, अरुंद गल्ल्या आणि भोवती कुरणे, असे त्यांचे रूप.

या परिसरात आज आखलेल्या पायवाटा आहेत. जेथून निघावे तेथेच परत आणणाऱ्या छोट्या वर्तुळाकार वाटांवर फ्रान्समध्ये पिवळ्या रंगाची खूण असते. झाडावर किंवा दगडावर पिवळी रेघ दिसली, की वाट बरोबर आहे असे समजावे. फुली दिसली, तर ती वाट आपली नव्हे. लांब पल्ल्याच्या वाटांना पांढरी व लाल अशी जोडरेघ असते.

उन्हाळ्यात ही भटकंती सुखद वाटते. हिवाळ्यात मात्र पर्वताचे रूप पालटते. माथ्यावर झाडांचा आडोसा फारसा नाही. वारा सुटला, की तो पडलेले बर्फही उचलून उधळतो. आकाश व जमीन एक होतात, वाट पुसली जाते. माणूस चालत राहतो. पण सरळ जाण्याऐवजी त्याच जागी फिरत राहतो. घरापासून हाकेच्या अंतरावर येऊनही गारठून मरण्याचा धोका असे. या हिमवादळाला तेथील लोक ‘तूर्मांत’ म्हणतात.

अशा वेळी डोळे निरुपयोगी ठरतात. कान मात्र उपयोगी पडतात. म्हणून अनेक वाड्यांनी दगडी मनोरा उभारून त्यात घंटा टांगली. यांतील पुष्कळ वाड्यांत चर्च नव्हते. तरीही घंटा होती. वादळ सुटले, की गावकरी ती तासन्‌तास वाजवीत. आवाजाच्या रोखाने वाट चुकलेला मेंढपाळ किंवा प्रवासी वाडीपर्यंत पोहोचे. या मनोऱ्यांना ‘क्लोशे द तूर्मांत’, म्हणजे वादळाचे घंटामनोरे, असे नाव आहे. वाट दाखवण्यासाठी पर्वतावर ठिकठिकाणी उभे दगडही रोवलेले होते. १८७८ साली गाढवी घेऊन हा पर्वत ओलांडणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश लेखकानेही ते पाहिले होते.

घंटा वाजवणाऱ्याला पलीकडच्या बर्फात कोणी अडकले आहे की नाही, हे ठाऊक नसे. कदाचित कोणीच नसेल; कदाचित असणारा परका असेल. तरीही दोर ओढायचा, कारण कोणी असेलच, तर त्याच्यासाठी तो आवाज हाच एक आधार होता. आभार मानणारा येईलच, याची हमी नसताना केलेले हे काम होते.

पुढे रोजगारासाठी लोक शहरांकडे गेले आणि वाड्या ओस पडू लागल्या. १९७० साली सेव्हेन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तर २०११ साली युनेस्कोने कोस व सेव्हेन येथील पशुपालक भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मनोरे आजही उभे आहेत. पायी जाणारा प्रवासी तेथे थांबतो, तेव्हा एका जुन्या, निःशब्द कर्तव्याशी त्याची भेट होते.

शब्दार्थ

तासन्‌तास – पुष्कळ वेळ
आडोसा – आसरा देणारी आड
ओस – निर्जन
हमी – खात्री

स्वाध्याय

१. हिमवादळात माणूस वाट का चुकत असे?
२. पिवळी रेघ व फुली या खुणांचा अर्थ लिहा.
३. ‘घंटा वाजवणाऱ्याला कोणी अडकले आहे की नाही, हे ठाऊक नसे’ या वाक्यातून कोणते मूल्य व्यक्त होते?
४. तुमच्या परिसरात वाटसरूंसाठी केलेल्या एखाद्या सोयीविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.