पिकअपचा पिकअप आणि ॲव्हरेजचं गणित

आपल्याकडे 'पिकअप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे मागे हौदा असलेली ती गाडी, जी पहाटे कल्याणच्या मार्केट यार्डात कोबी-टोमॅटोची क्रेट्स उतरवते आणि दिवसा भिवंडीच्या गोदामातून वागळे इस्टेटला खोकी पोचवते. दुसरा म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी किती पटकन उचल खाते ते. आता गंमत अशी की पहिल्या पिकअपच्या मालकाला दुसरा पिकअप तर हवाच असतो, पण डिझेलही कमी प्यायला हवं असतं. "पॉवर पण वाढली पाहिजे आणि ॲव्हरेज पण", ही मागणी कुठल्याही गॅरेजमध्ये दिवसभर उभं राहिलात तर कानावर पडेल. मेकॅनिकलचा विद्यार्थी हे ऐकून हसतो, कारण थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या लेक्चरलाच कळलेलं असतं की फुकट काही मिळत नाही. पण मित्रांनो, हसण्याआधी थोडं गणित करून बघू. मालक अगदीच चुकीचं मागत नाहीये.

समजा आपली गाडी महिंद्रा बोलेरो पिकअप आहे. तिचं चार सिलिंडरचं कॉमन रेल टर्बो डिझेल इंजिन २,५२३ सीसीचं. ताकद साधारण ५६ किलोवॅट (७५ हॉर्सपॉवर) ३,२०० आरपीएमला, आणि टॉर्क २०० न्यूटन-मीटर, तोही १,४०० ते २,२०० आरपीएमच्या पट्ट्यात. गाडी, माल, ड्रायव्हर सगळं मिळून वजन ३,००० किलो धरू. रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०१ घेतला तर टायर सुमारे २९४ न्यूटनचा विरोध करतात. हवेचा विरोध काढायला ड्रॅग गुणांक ०.५ आणि समोरचं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर धरू. ताशी ६० किमीला हा विरोध २५० न्यूटनच्या आसपास येतो. एकूण झाले ५४४ न्यूटन. म्हणजे सपाट रस्त्यावर, भरलेली गाडी ६० ने पळवायला चाकांवर लागतात फक्त ९ किलोवॅट! ५६ पैकी ९.

घाटात काय होतं? कसारा घाट चढतोय असं धरा, चढ शंभर मीटरला पाच मीटर, वेग ४०. आता गुरुत्वाकर्षणच १,४७१ न्यूटन मागे ओढतं. हवा आणि टायर धरून चाकांवर जवळपास २१ किलोवॅट लागतात, गिअरबॉक्स-डिफरन्शियलचा तोटा मिळवला तर २३. आणि आपलं इंजिन १,४०० आरपीएमलाच २०० न्यूटन-मीटरच्या हिशेबाने २९ किलोवॅट देऊ शकतं. म्हणजे इंजिन किंचाळत न्यायची गरजच नाही. योग्य गिअर टाकला की गाडी धीम्या आवाजात चढते.

ड्रायव्हर ज्याला 'पॉवर' म्हणतो ती बहुतेक वेळा ही खालच्या आरपीएमची ओढ असते. ब्रोशरवरची हॉर्सपॉवर ३,२०० ला मोजलेली, आणि तिथे आपण दिवसातून किती वेळा जातो? आता दुसरी बाजू पाहा. डिझेल इंजिनची कार्यक्षमता सगळीकडे सारखी नसते. कमी आरपीएम आणि बऱ्यापैकी लोड असताना चांगलं इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी ३८-४० टक्के कामात बदलतं, तर हलक्या लोडवर, जास्त आरपीएमला हाच आकडा २० च्या खालीही जातो, कारण पिस्टन-रिंगांचं घर्षण, पंप, पंखा यांचा खर्च आरपीएमबरोबर वाढत राहतो. थोडक्यात, ओढ जिथे आहे, ॲव्हरेजही तिथेच आहे. मालकाच्या दोन मागण्या एकाच खोलीत राहतात म्हणा ना. (फार खाली, १,२०० च्याही खाली टॉप गिअरमध्ये गाडी गुरगुरवू नका, ते इंजिनला आणि क्लचला दोघांनाही सोसत नाही.)

कंपन्यांनी गेल्या काही दशकांत दोन्ही गोष्टी एकत्र वाढवून दाखवल्या त्या याच वाटेने. महिंद्राच्या जीपवर्गातल्या गाड्यांत एके काळी प्यूजोच्या परवान्याने बनवलेली डिझेल इंजिनं असत. (प्यूजो हे नाव डोंबिवलीकरांना परकं नाही. १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ ही मोटार आपल्या इथल्याच प्रीमियरच्या कारखान्यात बनत होती.) त्या इंजिनांत डिझेल सिलिंडरशेजारच्या एका छोट्या कक्षात फवारलं जाई, तिथून जळती वाफ अरुंद तोंडातून मुख्य सिलिंडरमध्ये येई. या प्रवासात उष्णता भिंतींना जाऊन वाया जायची. थेट सिलिंडरमध्ये फवारणारी इंजिनं आली आणि साधारण १५ टक्के इंधन वाचलं. मग टर्बोने जास्त हवा कोंबली, कॉमन रेलने फवारा बारीक केला. टर्बोपुढे इंटरकूलर लावून हवा १२० अंशांवरून ५० वर आणली तर त्याच दाबाला तिची घनता २२ टक्क्यांनी वाढते, नुसत्या थंडाव्याने!

उलट दिशेचं उदाहरण टाटा एसचं, म्हणजे आपल्या 'छोटा हत्ती'चं. २००५ साली तो आला तेव्हा इंजिन होतं दोन सिलिंडरचं, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर. आजच्या कुठल्याही मोटारसायकलवाल्या पोराला सांगा, हसेल. पण गिअर असे बेतले होते की पाऊण टन माल गल्लीबोळातून नेता येई. ज्याने कामाला लागेल तेवढीच ताकद मोजून दिली, त्याने अख्खी बाजारपेठ उभी केली.

आता गॅरेजमधल्या 'चिप'कडे येऊ. रीमॅप म्हणजे इंजिनच्या कंट्रोल युनिटमधले आकडे बदलणं: किती डिझेल फवारायचं, कधी फवारायचं, टर्बोचा दाब किती ठेवायचा. जास्त डिझेल आणि त्याला पुरेल एवढी हवा दिली की टॉर्क वाढतो, यात जादू नाही आणि खोटंही नाही. प्रश्न ॲव्हरेजचा. सपाट रस्त्याला ६० ने जाताना लागणारे ९ किलोवॅट रीमॅपने ८ होत नाहीत. गाडी तेवढाच विरोध सोसते. फायदा होतो तो दोनच मार्गांनी. एक, ओढ वाढल्यामुळे ड्रायव्हर लवकर वरचा गिअर टाकतो. पण त्याने तो टाकला पाहिजे! मजा येते म्हणून पाय खालीच राहिला तर डिझेल वाढतंच. दोन, फवारणीची वेळ थोडी अलीकडे आणली तर कार्यक्षमता किंचित सुधारते, पण सिलिंडरमधला दाब, तापमान आणि नायट्रोजन ऑक्साइड्सही वाढतात. कंपनीने ती वेळ मागे ठेवली ती अज्ञानामुळे नव्हे. धुराच्या नियमांमुळे आणि इंजिन काही लाख किलोमीटर टिकावं म्हणून. काळा धूर सोडणारी 'पॉवरफुल' गाडी म्हणजे पैसे सायलेन्सरमधून बाहेर टाकणारी गाडी. शिवाय वाढलेला टॉर्क जातो त्याच जुन्या क्लचमधून, त्याच गिअरमधून.

पण मला खरी खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. वर आपण पाहिलं की ३ टन वजनाला कसारा चढायला इंजिन पुरून उरतं. मग जास्त ताकद हवी कुणाला? वजन ४ टन करून बघा. त्याच घाटात त्याच वेगाला इंजिनकडे ३० किलोवॅटहून जास्त मागणी येते आणि १,४०० आरपीएमचे २९ अपुरे पडतात. गाडी 'दम तोडते' ती इथे. म्हणजे पुष्कळदा रीमॅपची मागणी ही ओव्हरलोडची मागणी असते. सोबत मागचे पाटेही वाढवले जातात, म्हणजे गाडी बसलेली दिसत नाही.

आणि आपला भूगोल पाहा. नाशिक, जुन्नर, ओतूरचा भाजीपाला घाटावरून खाली कल्याणला येतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर. भाजीवाल्याची गाडी भरलेली असते ती कसारा किंवा माळशेज उतरताना, चढताना बऱ्याचदा रिकामी किंवा अर्धी! उतारावर ताकद काय कामाची? तिथे काम ब्रेकचं. ५ टक्के उतारावर ४० चा वेग स्थिर ठेवायला ३ टनांच्या गाडीला सुमारे १२ किलोवॅट उष्णता जिरवावी लागते, ४ टनांच्या गाडीला १६ च्या वर. सदतीस टक्के जास्त, तीही त्याच ड्रममध्ये, त्याच लायनरवर. खालच्या गिअरने इंजिन काही भार घेतं, बाकीचा ब्रेकवरच. माळशेजच्या पावसात, धुक्यात लायनर तापून ब्रेक 'जायला' लागले की चिप वाचवायला येत नाही. गाडीच्या ताकदीवर खर्च करणारा मालक ब्रेकच्या कामाला मात्र 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो, हे चित्र काही चांगलं नाही.

कायद्याचंही दोन वाक्यांत सांगतो, कारण प्रोजेक्टच्या नादात आपण विसरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला बेकायदा बदलासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीत ईजीआर बंद करणं किंवा धुराचा फिल्टर पोकळ करणं हा तर सरळ गुन्हाच. त्या फिल्टरमधली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं, ते शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये मिळत नाही, म्हणून दिवा पेटतो आणि मालक वैतागतो. त्यावर उपाय म्हणजे मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे थोडा वेळ सलग मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवणं.

मग बदल करायचाच नाही का? करायचा, पण विरोध कमी करण्याच्या बाजूने. इथे गंमतशीर आकडे निघतात. टायरमधली हवा २० टक्के कमी असेल तर रोलिंग रेझिस्टन्स साधारण १० टक्क्यांनी वाढतो. ६० च्या वेगाला एकूण विरोधात टायरचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे डिझेल ५ टक्के जास्त. महिन्याला ३,००० किमी आणि १२ चं ॲव्हरेज धरलं, डिझेल ९० रुपये धरलं, तर हे महिन्याचे हजार-अकराशे रुपये झाले, आणि हवा भरायला लागतात दहा मिनिटं. क्रेट्स केबिनच्या वर चढवून समोरचं क्षेत्रफळ ३ चं ४ चौरस मीटर केलं तर ८० च्या वेगाला विरोध २० टक्क्यांनी वाढतो. फडफडणारी ताडपत्री घट्ट बांधणं हे सुद्धा एअरोडायनॅमिक्सच. लोखंडी गार्ड, जादा कॅरियर, शोभेच्या जाळ्या काढल्या की वाचलेलं वजन थेट मालाला मिळतं. आणि वेग: ८० वरून ६० वर आलात की दर किलोमीटरची ऊर्जा २६ टक्क्यांनी उतरते. नाशिक रस्त्यावर १०० किमीला २५ मिनिटं जास्त जातील, एवढंच.

शहरात मात्र शत्रू वेगळा. भरलेली गाडी ४० वर आणायची आणि ब्रेक मारून थांबवायची, या एका खेळात सुमारे १९ मिलिलिटर डिझेल जातं. चार चमचे! पण दुर्गाडीपासून पत्रीपूल, तिथून शिळफाटा असं करत पन्नास वेळा झालं की जवळजवळ एक लिटर. पुढचं ट्रॅफिक पाहून आधीच पाय उचलणारा ड्रायव्हर कुठल्याही चिपपेक्षा जास्त वाचवतो. एअर फिल्टर, इंजेक्टर, चिकटणारे ब्रेक, अलाइनमेंट हे आहेच. भिवंडीच्या धुळीत फिल्टर कंपनीच्या मुदतीआधी बघावा लागतो.

डिझेलच्या नळीला बांधायची चुंबकं आणि पाण्यातून हायड्रोजन काढणारे डबे यांबद्दल एकच. हायड्रोजन काढायला वीज लागते, वीज अल्टरनेटर देतो, त्याला इंजिन फिरवतं, इंजिनला डिझेल. प्रत्येक पायरीवर तोटा. व्हायवाला हे सांगितलंत तर बाहेर काढतील, तरी बाजारात खपतं. का खपतं? कारण कुणी नीट मोजत नाही. टाकी 'फुल' करताना अर्धा लिटर इकडेतिकडे सहज होतो. १० लिटरवर अर्धा लिटर म्हणजे ५ टक्के चूक, आणि आपण शोधतोय तोच फायदा ५ टक्क्यांचा!

म्हणून ज्यांना हा विषय प्रोजेक्टला घ्यायचा आहे त्यांनी मोजणीपासून सुरुवात करावी. तोच पंप, तीच बाजू, पहिल्या कटऑफला थांबायचं, आणि बदलाच्या आधी निदान १०० लिटर, नंतर १०० लिटर, म्हणजे तीच अर्ध्या लिटरची चूक अर्ध्या टक्क्यावर येते. मार्ग आणि ड्रायव्हर तेच, माल वजनकाट्यावर मोजलेला, टायरचा दाब रोज सकाळी लिहिलेला. एका वेळी एकच बदल. आणि कुणी मोठे टायर बसवले असतील तर आधी मीटर तपासा: व्यास ७०० चा ७४० मिलिमीटर झाला की चाकावरची ओढ ५ टक्क्यांनी घटते, आणि वर मीटर खऱ्या १०० किमीला साडेचौऱ्याण्णवच दाखवतो.