वेबसाइटचे पहिले पान

वेबसाइट करायला इंटरनेट हवे, पैसे हवेत, असा अनेकांचा समज असतो. पहिल्या पानासाठी यातले काहीच लागत नाही. वेबपान म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल.

समजा, तुम्ही येरवड्याला राहता आणि आपल्या भागाविषयी पान करायचे आहे. संगणकावर नोटपॅड उघडा. गणितातले 'पेक्षा लहान' चिन्ह, रोमन एच, इंग्रजी १ आणि 'पेक्षा मोठे' चिन्ह टंका. पुढे 'येरवडा' लिहा. नंतर तीच खूण पुन्हा द्या. मात्र एचच्या आधी तिरकी रेघ हवी. हे झाले शीर्षक. खाली पी या अक्षराच्या अशाच जोडीत लिहा : '२४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या.' साठवताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' निवडा आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन एचटीएमएल ही रोमन अक्षरे लिहा. फाइल ब्राउझरमध्ये उघडा. शीर्षक ठळक दिसेल. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या भौतिकीच्या प्रयोगशाळेत १९९० साली पहिली पाने केली, ती अशाच खुणांनी.

आता खरी गंमत. संगणक अक्षरे नव्हे, अंक साठवतो. युनिकोडमध्ये 'य'चा क्रमांक २३५१ आहे. यूटीएफ-८ पद्धतीत तो २२४, १६४, १७५ अशा तीन बाइटांत लिहिला जातो. 'येरवडा'त य, एकाराची मात्रा, र, व, ड आणि काना मिळून ६ चिन्हे, म्हणजे १८ बाइट. ब्राउझरने हे अंक दुसऱ्या तक्त्यानुसार वाचले, तर एका 'य'ऐवजी तीन विचित्र खुणा उमटतात! म्हणून फाइलीच्या अगदी वर, त्याच दोन चिन्हांमध्ये, रोमन लिपीत लिहा : 'मेटा', मोकळी जागा, 'कॅरसेट' (सी-एच-ए-आर-एस-ई-टी), बरोबरचे चिन्ह, 'यूटीएफ-८'. मग मुद्दाम यूटीएफ-८ च्या जागी 'विंडोज-१२५२' लिहून पाहा. मराठीचे काय होते ते डोळ्यांनी दिसेल.

पूर्वी बरीच मराठी पाने विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असत. तो नसला की वाचकाला निरर्थक रोमन अक्षरे दिसत. भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट'चे काम आयआयटी कानपूरला सुरू झाले आणि पुढे सी-डॅकने ते पुण्यातून वाढवले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतावरच बेतलेली आहे.

हे पान अजून तुमच्या संगणकापुरतेच आहे. जगाला दाखवायचे, तर ते सतत चालू असणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावे लागते. काही ठिकाणी अशी जागा फुकट मिळते. पण मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा : २००९ साली जिओसिटीज ही फुकट सेवा बंद झाली आणि असंख्य हौशी पाने नाहीशी झाली. घरचा पत्ता व दूरध्वनी पानावर देऊ नका.

आता सांगा, 'क्ष' साठवायला किती बाइट लागतील? हलन्ताचे चिन्ह मोजायला विसरू नका.