शरणपूरचे आफ्रिकन मुलगे

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8, वचने 26 ते 40.

मुख्य मुद्दा : परक्या लेकराला केवळ अक्षरे देऊन आपले कर्तव्य संपत नाही, त्याला घर व मंडळी मिळेपर्यंत ते अपुरेच राहते.

आजच्या शास्त्रपाठात कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत आहे. त्याला वाचता येते, परंतु अर्थ उलगडून सांगणारा सोबती नाही. फिलिप्प दुरूनच उपदेश करून निघून जात नाही. तो रथात चढून त्याच्याजवळ बसतो. शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याच्या शेजारी बसावे, हा या कथेतील बोध दिघी, भोसरी व चाकण या बाजूच्या मंडळ्यांनी विशेषेकरून मनन करण्याजोगा आहे. कारण कारखान्यांतील कामाच्या शोधार्थ दूरदूरची कुटुंबे येथे येऊन राहतात, आणि त्यांची लेकरे आपल्या दाराशी परकी म्हणून उभी असतात. अशा लेकरांसाठी आपल्याच महाराष्ट्रात पूर्वी काय झाले ते पाहू.

नाशिकजवळ 1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम साल्टर प्राइस यांनी शरणपूर नावाची ख्रिस्ती वस्ती वसविली. शरण आलेल्यांचे गाव, असा त्या नावाचा अर्थ. धर्मांतरामुळे घरादारास मुकलेल्या मराठी ख्रिस्ती लोकांना तेथे आसरा मिळे. त्याच काळी पूर्व आफ्रिकेतील मुलामुलींना पळवून, गलबतांत कोंबून, गुलाम म्हणून विकण्याचा निर्दय धंदा चालू होता. इंग्रजी आरमार अशी गलबते समुद्रात पकडी, आणि सुटका झालेल्या लेकरांपैकी पुष्कळ मुंबईस उतरविली जात. त्यांतील कित्येक शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. तेथे त्यांना लिहिणे, वाचणे व शास्त्र यांबरोबरच सुतारी, लोहारी असे हातचे हुन्नरही शिकविले जात.

या शिक्षणाची फळे लवकरच दिसू लागली. 1864 साली विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर व जॉर्ज डेव्हिड हे तिघे मोंबासाजवळील रबाई येथे सेवेस गेले. 1865 साली डॉ. लिव्हिंग्स्टन नाशिकास आले आणि त्यांनी आपल्या अखेरच्या प्रवासासाठी शरणपूरचे नऊ तरुण निवडले. हे सारेच कसोटीस उतरले असे नाही. एक वाटेत मरण पावला, कित्येकांनी साथ सोडली. परंतु एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत धन्याजवळ राहिला. पुढे 1872 साली शरणपूरचे आणखी काही तरुण डॉक्टरांच्या मदतीस धाडण्यात आले. त्यांत जेकब वेनराइट हा होता.

ता. 1 मे 1873 रोजी आफ्रिकेच्या अंतर्भागात, चितांबो नामक सरदाराच्या गावी, लिव्हिंग्स्टन मरण पावले. सुसी, चुमा व त्यांचे सोबती यांनी त्यांचे हृदय तेथेच एका वृक्षाखाली पुरले. त्या वेळी दफनविधीचा पाठ वाचणारा व झाडाच्या खोडावर मृताचे नाव कोरणारा जेकब वेनराइटच होता. नाशिकास शिकलेली अक्षरे त्या घोर अरण्यात अशी कामास आली. नंतर त्या मंडळीने देह खांद्यावर घेऊन नऊ महिने वाटचाल केली व तो समुद्रकिनारी पोहोचविला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबही होता.

वाचकहो, येथेच थांबलो तर पाठ अर्धाच राहील. जेकबला विद्या मिळाली, विलायतेत मान मिळाला. परंतु आफ्रिकेत परतल्यावर तो कोठेही स्थिरावला नाही, आणि 1892 साली उरंबो येथे वारला. या मुलांच्या शिक्षणात एक मोठी उणीव राहून गेली होती. आईबापांपासून ती आधीच तुटलेली. आता आईबापांनी ठेविलेली नावेही गेली आणि त्यांच्या जागी इंग्रजी नावे आली. हिंदुस्थानात ती परकी होती, आणि आफ्रिकेत परतल्यावर तेथील लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून वेगळेच गणीत. उपकार करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परंतु लेकराचे नाव, भाषा व माणसे यांचीही जपणूक करावयाची असते, हे ध्यानात घेतले गेले नाही.

ही उणीव काही अंशी भरून निघाली ती कुटुंबांच्या द्वारे. 1873 साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या खटपटीनंतर झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. पुढे 1875 साली रेव्ह. प्राइस यांनी मोंबासासमोर फ्रियरटाउन ही वस्ती वसविली. हिंदुस्थानातून सुमारे दीडशे आफ्रिकन ख्रिस्ती तेथे गेले. कोणी शिक्षक झाले, कोणी कारागीर. आणि नव्याने सुटून येणाऱ्या गुलामांना हात देण्याचे काम त्यांच्याकडे आले. काल ज्यांना आसरा दिला, ते आज आसरा देणारे झाले. 1885 साली जोन्स व सेमलर यांना दीक्षा मिळाली. कूशी खजिनदार आनंद करीत आपल्या वाटेने गेला आणि फिलिप्पाने त्याला अडवून ठेविले नाही, हेही येथे स्मरावे. शिकलेला मनुष्य आपला ऋणको होऊन राहावा, ही इच्छा धरणे योग्य नव्हे.

आता आपल्या दाराकडे पाहू. दिघी हे आळंदीच्या वाटेवरील गाव. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत मोडते. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुराचे काम बदलले की बिऱ्हाड हलते, आणि बिऱ्हाडाबरोबर मुलाची शाळा सुटते. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. आणि मागे पडलेल्या मुलास वयानुरूप वर्गात घ्यावे लागते. परंतु नवख्या आईबापांना हे ठाऊक नसते, आणि कार्यालयाच्या पायरीवर त्यांचा धीर सुटतो. मंडळीतील कोणी जाणत्याने त्यांच्याबरोबर जावे. शाळा सुटल्यावर दोन घटका त्या मुलाच्या शेजारी बसावे. त्याचे नाव नीट विचारून त्याच नावाने हाक मारावी, आणि त्याच्या आईस आपल्या घरच्या बायकांमध्ये बसवून घ्यावे. यास मोठा फंड लागत नाही, सातत्य लागते.

विचारासाठी प्रश्न :

1. फिलिप्प रथात चढून बसला. आपण कोणाच्या शेजारी बसण्याचे टाळतो?

2. जेकब वेनराइटला विद्येने काय दिले, आणि काय देता आले नाही?

3. आपल्या आळीत शाळा सुटलेले मूल कोणते? त्याच्या आईबापांना या आठवड्यात कोण भेटेल? उत्तर देताना मंडळीने नाव व वार ठरवूनच उठावे.